कानावरची रेघ, पापणीवरचे डाग आणि नॉर्मल ईसीजी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. वय ४१, बँकेत नोकरी, सिगारेट-तंबाखू नाही. व्हॉट्सॲपवर व्हिडिओ आला की कानाच्या पाळीवर तिरकी रेघ असेल तर हार्ट अटॅक ठरलेला. आरशात पाहिलं तर तुमच्या दोन्ही कानांवर रेघ. टाळूवरचे केस तिशीतच विरळ झालेले. वडिलांना ५२व्या वर्षी अटॅक आला होता. मिसेसच्या पापण्यांवर नाकाच्या बाजूला पिवळट डाग आहेत आणि त्या ते पार्लरमध्ये लेझरने काढून घेणार आहेत. तुम्ही घाबरून ईसीजी आणि टूडी एको केला, दोन्ही नॉर्मल आले. गेल्या वर्षीच्या चेकअपमध्ये कोलेस्टेरॉलही 'नॉर्मल' होतं. आता रेघेची काळजी करायची की सोडून द्यायची?

मी सातारा जिल्ह्यात फिजिशियन म्हणून प्रॅक्टिस करतो. हृदयरोगतज्ज्ञ नाही, अँजिओग्राफीच्या टेबलावर पोचायच्या आधीच्या टप्प्यातली माणसं माझ्याकडे येतात. असा एखादा व्हिडिओ फिरायला लागला की पुढचे काही आठवडे लोक तक्रार सांगायच्या आधी कान पुढे करतात. त्यामुळे या विषयावर बोलायची सवय झाली आहे.

तुमच्या प्रश्नात मला रेघेपेक्षा ईसीजी जास्त खटकला. रेघ, टक्कल, पापणीवरचे डाग या गोष्टी काही सांगत असतीलच तर पुढच्या वीस-तीस वर्षांत काय होऊ शकतं याबद्दल सांगतात. ईसीजी सांगतो आजचं, तेही टेबलावर निजलेल्या अवस्थेतलं. कागदाच्या त्या पट्टीवर हृदयातल्या विजेची जेमतेम दहा सेकंदांची नोंद असते. वाहिनीत ७० टक्के ब्लॉक असलेल्या माणसाचाही असा ईसीजी अगदी स्वच्छ येऊ शकतो. एकोत हृदयाचं पंपिंग आणि झडपा दिसतात. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्यांच्या आत साठलेला चरबीचा थर दिसत नाही. शिवाय अटॅक बऱ्याच वेळा मोठ्या ब्लॉकच्या जागी येतच नाही. मध्यम जाडीचा एखादा थर फुटतो, त्यावर रक्ताची गुठळी बसते आणि वाहिनी काही मिनिटांत बंद होते. म्हणून टीएमटी, म्हणजे पट्ट्यावर चालवून काढलेला ईसीजी, 'निगेटिव्ह' आल्यावर महिन्या-दोन महिन्यांत अटॅक आल्याच्या हकिगती तुम्ही ऐकल्या असतील. त्यात टीएमटी चुकलेली नसते, तिला विचारलेला प्रश्न वेगळा असतो.

तेव्हा शरीरावर खूण दिसली तर तपासायचं ते रक्त, बीपी, कमरेचा घेर आणि घराण्याचा इतिहास. खुणा कोणत्या आणि त्यांना किती किंमत द्यायची, हे आता एकेक करून बघू. प्रत्येक खुणेची किंमत ती कोणत्या वयात दिसली यावर ठरते. पंचविशीतली आणि सत्तरीतली तीच खूण एकसारखी मोजता येत नाही, आणि इथे लिहिलेलं तसंच्या तसं प्रत्येकाला लावूही नये.

आधी कान. सँडर्स फ्रँक नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी १९७३ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये एक छोटं पत्र लिहिलं. अंजायना (हृदयाला रक्त कमी पडून छातीत येणारं दडपण) असलेल्या काही रुग्णांच्या कानाच्या पाळीवर तिरकी रेघ दिसते, असं त्यांचं निरीक्षण होतं. तेव्हापासून तिला 'फ्रँक साइन' म्हणतात. पुढे कोणीतरी रोमन सम्राट हेड्रियनचे पुतळे निरखले, त्याच्याही दोन्ही पाळ्यांवर रेघ कोरलेली सापडली आणि तो हृदयविकाराने गेला असावा असा तर्क बांधला गेला. वाचायला मजा येते, पुरावा म्हणून त्याचा उपयोग नाही.

खरी रेघ कोणती हेही व्हिडिओत नीट सांगत नाहीत. कानाच्या भोकापुढे जो छोटा उंचवटा असतो, तिथून निघून पाळीच्या मागच्या-खालच्या काठापर्यंत तिरकी, पूर्ण लांबीची आणि खोल घडी हवी. माणसाला ताठ बसवून बघायची, उशीवर आडवं असताना नाही. पाळीवर पुसटशी सुरकुती किंवा अर्धवट रेघ असेल तर ती मोजायची नाही. बायकांच्या बाबतीत तर मी कान वाचायच्या भानगडीतच फारसा पडत नाही. जड कुड्या, झुबे वर्षानुवर्षं घालून पाळी ओघळलेली असते, त्यावर कसल्याही घड्या पडतात. आणि वय वाढेल तशी ही रेघ कित्येकांना येते, हृदय ठणठणीत असलेल्यांनाही. रेघ आणि हृदयरोग यांचा संबंध तपासताना हेच अवघड जातं, कारण वयाबरोबर दोन्ही वाढतात.

यावर सगळ्यात मोठं काम डेन्मार्कमध्ये झालं आहे. कोपनहेगन शहरातल्या चाळिशी ओलांडलेल्या १०,८८५ लोकांच्या खुणा नर्सेस आणि लॅब टेक्निशियननी सुरुवातीलाच नोंदवून ठेवल्या आणि त्यांच्यावर ३५ वर्षं लक्ष ठेवलं. चार खुणांचा संबंध टिकला: कपाळाच्या दोन्ही बाजूंनी मागे गेलेले केस, टाळूवरचं टक्कल, कानाची रेघ आणि पापणीवरचे पिवळे डाग. चारपैकी तीन किंवा चारही असलेल्यांना हार्ट अटॅकचा धोका ५७ टक्क्यांनी आणि एकूण हृदयरोगाचा ३९ टक्क्यांनी जास्त निघाला. वय आणि नेहमीचे धोके हिशोबात धरूनसुद्धा. पांढरे केस आणि चेहऱ्यावरच्या सुरकुत्या यांचा मात्र तिथे संबंध दिसला नाही.

'५७ टक्के' हा आकडा ऐकून घाम फुटतो, म्हणून एक साधं गणित करू. समजा तुमच्यासारख्या शंभर माणसांपैकी दहा जणांना पुढच्या काही वर्षांत अटॅक येणार आहे. खुणा असलेल्या शंभरांत तो साधारण सोळा जणांना येईल. चौऱ्याऐंशी जणांना तरीही येणार नाही. आणि खुणा नसलेल्या शंभरांतल्या दहा जणांना आलाच. या दुसऱ्या दहा जणांची मला जास्त काळजी वाटते, कारण 'माझ्या कानावर काही नाही' म्हणून ते निवांत असतात.

आणखी एक गोष्ट बघा. हृदयरोगाचा धोका काढायला डॉक्टर जी गणितं वापरतात, त्यातलं एक ब्रिटनचं 'क्यूरिस्क-३'. ते वय, बीपी, कोलेस्टेरॉल, मधुमेह, सिगारेट विचारतं. तुमचे पूर्वज भारतीय आहेत का, साठीच्या आत आई-वडील किंवा भावंडांना हृदयरोग झाला का, संधिवात आहे का, अर्धशिशी आहे का, हेही विचारतं. कान कुठेच विचारत नाही. टक्कलही नाही. या खुणा कळल्याने इतर आकडे माहीत असलेल्या माणसाचा उपचार फारसा बदलत नाही. आकडेच माहीत नसलेल्याला मात्र या खुणांमुळे लॅबपर्यंत जावंसं वाटतं, त्यांचा खरा उपयोग तेवढाच.

टकलाचं थोडक्यात. पुढून केस गेले त्यापेक्षा टाळूवरून गेले तर संबंध जास्त दिसतो. अमेरिकेतल्या बावीस हजारांहून जास्त पुरुष डॉक्टरांच्या पाहणीत टाळूवर मोठं टक्कल असलेल्यांत हृदयरोग साधारण ३६ टक्क्यांनी जास्त होता. आपल्याकडे २०१७ मध्ये अहमदाबादच्या संशोधकांनी चाळिशीच्या आतल्या हृदयरोगी पुरुषांची निरोगी पुरुषांशी तुलना केली. टक्कल ४९ विरुद्ध २७ टक्के आणि अकाली पांढरे केस ५० विरुद्ध ३० टक्के. म्हणजे डेन्मार्कमध्ये पांढऱ्या केसांना काही अर्थ नव्हता, इथे तरुणांत तो दिसला. पण ही तुलना आजार झाल्यानंतर केलेली आहे, तिच्यावर फार भार टाकू नये. केस पेरून घेतल्याने धोका कमी होत नाही हे वेगळं सांगायला नको, तरी काही जण विचारतात.

आता मिसेसचे डाग. तुमच्या सगळ्या प्रश्नात मला सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही वाटते आणि तुम्ही ती शेवटच्या ओळीत, जाता जाता लिहिली आहे.

पापणीच्या आतल्या कोपऱ्यात, नाकाजवळ, किंचित उंचावलेले, लोण्याच्या रंगाचे मऊ चट्टे असतात, त्यांना झँथेलाझ्मा म्हणतात. त्यात खरोखर कोलेस्टेरॉलच भरलेलं असतं. हे चट्टे असलेल्यांपैकी साधारण निम्म्या लोकांच्या रक्तात कोलेस्टेरॉल नेहमीच्या मर्यादेत निघतं, म्हणून लगेच घाबरायचं नाही. पण उरलेल्या निम्म्यांत ते वाढलेलं असतं, आणि त्यातल्या बऱ्याच जणांना दुसरा काहीच त्रास नसतो. कोपनहेगनच्याच लोकांवरचा दुसरा एक अभ्यास २०११ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आला. त्यात हे डाग असलेल्यांना हार्ट अटॅकचा धोका दीडपटीच्या जवळ निघाला, आणि तोही रक्तातल्या कोलेस्टेरॉलचा हिशोब करून. बुबुळाच्या कडेला राखाडी-पांढरं कडं येतं, त्याचा मात्र उतारवयात स्वतंत्र असा काही धोका निघाला नाही. आजोबांच्या डोळ्यात ते दिसलं तर सोडून द्या. चाळिशीच्या आतल्या माणसाच्या डोळ्यात दिसलं तर सोडू नका.

लेझरने डाग जातात, खुशाल काढावेत. फक्त आधी रक्त द्यावं. कारण डाग गेला की डॉक्टरकडे जायचं कारणही जातं, आणि आत जे वाढलेलं असेल ते तसंच राहतं. कोलेस्टेरॉल चढलेलंच राहिलं तर डाग परत येण्याची शक्यताही जास्त. रक्तात लिपिड प्रोफाइलबरोबर थायरॉइडचं टीएसएच, साखर, लिव्हर आणि लघवीतलं प्रोटीन बघावं. थायरॉइड मंद असेल तर कोलेस्टेरॉल वाढतं, आणि बायकांत हे इतकं सर्रास आढळतं की टीएसएच न बघता स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणारी गोळी, सुरू करणं मला पटत नाही.

मिसेसचं एलडीएल, म्हणजे वाहिन्यांत साठणारं 'वाईट' कोलेस्टेरॉल, १९० च्या वर आलं तर विषय वेगळा होतो. मग घराण्यात उतरणारा कोलेस्टेरॉलचा आजार, फॅमिलियल हायपरकोलेस्टेरोलेमिया, शोधावा लागतो. रक्तातलं एलडीएल उचलून घेणारी लिव्हरमधली यंत्रणा यात जन्मतःच अधू असते. ब्राऊन आणि गोल्डस्टीन यांना १९८५ चं नोबेल मिळालं ते याच कामासाठी. जगात साधारण अडीचशे माणसांत एकाला हा आजार असतो, म्हणजे मोठ्या गावात तो असणारच. पण निदान झालेली माणसं फार थोडी भेटतात.

इथे हात आणि डोळे वापरून तपासण्यासारखी एक जागा आहे: टाचेच्या वरची, पोटरीतून खाली येणारी जाड शीर (रक्तवाहिनी नव्हे, स्नायू हाडाला जोडणारा दोर, म्हणजे टेंडन). रुग्णाला खुर्चीवर गुडघे टेकवून उभं करतो, पावलं मागे लोंबकळती सोडायला सांगतो आणि ती शीर अंगठा व तर्जनीत धरून वरपासून खालपर्यंत चाचपतो. निरोगी शीर लांबट, एकसारखी आणि कडांना रेखीव लागते. या आजारात ती मधेच फुगीर, गाठाळ, दोन्ही बाजूंनी भरलेली लागते. हाताच्या मागच्या बाजूला बोटांच्या शिरांवरही अशा गाठी येतात आणि मूठ मिटली-उघडली की शिरेबरोबर हलतात. बरेच जण सांगतात, 'चप्पल घासून घट्टा पडलाय.' घट्टा कातडीवर असतो, ही गाठ शिरेत असते. कातडी बाजूला सरकवली तरी ती जागेवर राहते. हॉलंडच्या लिपिड क्लिनिकांनी या आजारासाठी गुण ठरवले आहेत. त्यात शिरेतल्या अशा गाठीला ६ गुण, पंचेचाळिशीच्या आत बुबुळाभोवती कडं असेल तर ४ गुण, आणि ८ च्या वर गेलात तर निदान पक्कं. शरीरावरच्या खुणेला इतकी किंमत हृदयरोगाच्या क्षेत्रात मला दुसरीकडे कुठे दिसलेली नाही. पापणीवरचा डाग त्या यादीत नाही, हेही सांगून ठेवतो.

हा आजार आई किंवा वडील एकाकडून आला तर प्रत्येक मुलात उतरण्याची शक्यता निम्मी असते. आपल्याकडे काही समाजांत मामाच्या किंवा आत्याच्या मुलीशी लग्नं होतात, तिथे दोघांकडेही तोच दोष असू शकतो आणि मग चारातल्या एका मुलात तो दोन्ही बाजूंनी येतो. अशा मुलाच्या गुडघ्यांवर, कोपरांवर, कुल्ल्यांवर, बोटांच्या बेचक्यांत पिवळसर-केशरी गाठी पाचव्या-सहाव्या वर्षीच दिसायला लागतात. घरचे चामखीळ समजून चुना लावतात, नाहीतर जाळून घेतात. त्या मुलाचं एलडीएल ५०० च्या पुढे असू शकतं आणि हृदयाच्या वाहिन्या विशीच्या आत बंद होऊ शकतात. लहान मुलाच्या अंगावर अशा पिवळट गाठी दिसल्या तर एक लिपिड प्रोफाइल, बस. या लेखातलं दुसरं काही लक्षात राहिलं नाही तरी हे राहू द्या.

आता ज्या खुणांचा व्हिडिओत उल्लेख नव्हता आणि ज्या मी कानापेक्षा आधी बघतो: मान आणि पोट.

मानेच्या मागच्या घडीत, काखेत, कधी बोटांच्या पेरांवर कातडी काळसर, जाडसर, मखमलीसारखी होते. आई मुलीला घेऊन येते आणि पहिलं वाक्य असतं, 'कितीही सांगा, मान नीट घासतच नाही.' बेसन, लिंबू, काथ्या सगळं करून झालेलं असतं, मान लाल होते पण काळेपणा जात नाही. तो मळ नसतोच. शरीरात इन्सुलिनचं प्रमाण बरंच वाढलेलं असतं, कारण पेशी त्याला दाद देत नाहीत, आणि त्या जादा इन्सुलिनमुळे कातडी तशी वाढते. बरोबरीने मानेवर बारीक लोंबते मस असतात. मुलीची पाळी अनियमित असते, हनुवटीवर केस येतात. अशा मुलीची साखर आज नॉर्मल असू शकते, पण मधुमेहाच्या वाटेवर ती निघालेली असते आणि हृदयरोगाची वाट तिथूनच फुटते. वजन पाच-सात किलो उतरलं तर मान उजळते, हे तिला सांगितलं की कोलेस्टेरॉलच्या भाषणापेक्षा जास्त उपयोग होतो.

पोटाबद्दल पुण्याचं उदाहरण द्यायलाच हवं. केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचेच फोटो छापले. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. वजनकाट्यावर दोघे सारखे सडपातळ. आपल्याकडचा 'बारीक' माणूस आतून कसा असतो, हे एवढ्या थोड्या जागेत दुसऱ्या कोणी दाखवलेलं मला माहीत नाही. हातापायाला किरकोळ आणि पोट तेवढं पुढे, असा पुरुष माझ्याकडे रोज येतो आणि 'माझं वजन तर बरोबर आहे' म्हणतो. दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला हार्ट अटॅक इतर देशांतल्या लोकांपेक्षा साधारण पाच-सहा वर्षं आधी येतो, सरासरी ५३च्या सुमारास. ५२ देशांत झालेल्या 'इंटरहार्ट' अभ्यासातून हे पुढे आलं, आणि त्याची कारणं गूढ नाहीत. तंबाखू, बीपी, साखर, कोलेस्टेरॉलचं बिघडलेलं प्रमाण, पोट, मानसिक ताण, भाज्या-फळं कमी, हालचाल कमी यांसारख्या नऊ गोष्टींत पुरुषांमधला ९० टक्के धोका मावतो.

कमर मोजताना पँटचा नंबर सांगू नका. पोट सुटलं की पट्टा खाली सरकतो आणि माणूस वीस वर्षं '३४'च राहतो. शर्ट वर करा, शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध टेप धरा, श्वास सहज सोडा, पोट आत ओढू नका. पुरुषांत ९० सेंटिमीटर आणि बायकांत ८० च्या वर गेलं की आपल्या लोकांसाठी ते जास्त. टेप नसेल तर आपल्या उंचीएवढा दोरा घ्या आणि मधोमध दुमडा. दुमडलेला दोरा पोटाभोवती पुरला पाहिजे.

बाकीच्या खुणा पटापट. मशेरीने किंवा गुटख्याने तपकिरी झालेले दात मी कानाच्या रेघेपेक्षा कितीतरी जास्त गांभीर्याने घेतो. 'सिगारेट नाही' म्हणणाऱ्या कितीतरी मावश्या सकाळ-संध्याकाळ मशेरी लावतात आणि तिला तंबाखूत धरत नाहीत. 'इंटरहार्ट'मध्ये नुसत्या चघळायच्या तंबाखूनेही अटॅकचा धोका दुपटीहून जास्त निघाला होता. सोरायसिसचे मोठे चट्टे किंवा संधिवाताने वाकडी झालेली बोटं असतील तर शरीरात कायम सूज असते, तीही धोका वाढवते. उंची कमी असलेल्यांत हृदयरोग थोडा जास्त दिसतो, पण त्यावर करण्यासारखं काही नाही, म्हणून मी तो विषय काढत नाही.

पायावरची सूज, नखांसकट फुगलेली बोटांची टोकं, निळसर ओठ ही वेगळी जात आहे. या खुणा भविष्यातल्या धोक्याच्या नाहीत, हृदय, फुप्फुस किंवा किडनीत आत्ताच काहीतरी चालू असल्याच्या आहेत. नडगीवर अंगठा दाबून धरला आणि खड्डा राहिला, त्यात झोपल्यावर दम लागतोय, तर वाट बघू नये. पण ॲम्लोडिपिन नावाच्या बीपीच्या गोळीनेही पाय सुजतात, म्हणून आधी गोळ्यांची पट्टी बघतो.

आणि लक्षण असेल तर खुणांचा विचार थांबवायचा. चढ चढताना छातीत दडपण येतं, थांबलं की जातं, जबडा किंवा डावा हात जड होतो, घाम येतो, तर कान बघत बसू नका. आपल्याकडे याला 'गॅस' म्हणायची सवय आहे. दडपण पंधरा-वीस मिनिटं राहिलं तर १०८ ला फोन करा, सोडा पिऊन वाट पाहू नका.

तुमच्याबद्दल सांगायचं तर तुमच्या सगळ्या माहितीत सर्वांत वजनदार गोष्ट वडिलांचं वय आहे. वडील किंवा भावाला ५५च्या आत, आई किंवा बहिणीला ६५च्या आत हृदयरोग झाला असेल तर तो घराण्याचा धोका मोजला जातो. तुमचे वडील ५२चे होते. रेघ नसती आणि डोक्यावर दाट केस असते तरी मी तुम्हाला हेच सांगितलं असतं.

गेल्या वर्षीचा रिपोर्ट शोधून काढा आणि त्यावरचा 'नॉर्मल' हा शब्द विसरून आकडे वाचा. पॅकेजच्या सारांशात बऱ्याचदा फक्त एकूण कोलेस्टेरॉल बघून शिक्का मारलेला असतो. एकूण १९० आणि त्यात एचडीएल ('चांगलं' कोलेस्टेरॉल) ३२, ट्रायग्लिसराइड (रक्तातली दुसरी चरबी) २४०, हे आपल्याकडचं ठरलेलं चित्र आहे आणि ते चांगलं नाही. एलडीएल वेगळं बघा. वडिलांचा इतिहास धरता तुमचं १००च्या आत असावं असं मी म्हणेन. १३० ते १९० च्या मधे असेल तर औषध लगेच द्यायचं की तीन महिने खाणं-चालणं बदलून बघायचं, हे बाकीच्या आकड्यांवर ठरतं, आणि तिथे दोन डॉक्टरांची मतं वेगळी असू शकतात. अशा अधल्यामधल्या वेळी सीटी कॅल्शियम स्कोर, म्हणजे हृदयाच्या वाहिन्यांत साठलेलं कॅल्शियम मोजणारा स्कॅन, उपयोगी पडतो. १९० च्या वर असेल तर चर्चेचा विषयच नाही, औषध लागतं.

उपाशीपोटीची साखर आणि एचबीए१सी (साधारण तीन महिन्यांची सरासरी साखर) करा. बीपी घरी मोजा: पाच मिनिटं शांत बसून, पाठ टेकलेली, हात टेबलावर, मोजताना बोलायचं नाही, आठवडाभर सकाळ-संध्याकाळ. घरची सरासरी १३५/८५ च्या वर असेल तर दाखवा. एक तपासणी बहुतेक पॅकेजमध्ये नसते, ती म्हणजे लायपोप्रोटीन-ए, एलडीएलसारखाच रक्तातला एक चरबीचा कण. ती आयुष्यात एकदा केली तरी पुरते, कारण हा आकडा जन्मापासून साधारण तोच राहतो. ५० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या वर असेल तर वडिलांच्या अटॅकचं एक कारण हाती लागू शकतं आणि तुमच्या एलडीएलचं लक्ष्य आणखी खाली आणावं लागतं. भावंडं असतील तर त्यांनीही करावी.

मिसेसचं एलडीएल १९० च्या वर आलं तर त्यांचे आई-वडील, भावंडं आणि तुमची मुलं, सगळ्यांचं एकेकदा लिपिड प्रोफाइल करावं लागेल. मुलांचं आठव्या-दहाव्या वर्षापर्यंत झालेलं बरं. त्यांच्या माहेरी कोणी चाळिशी-पन्नाशीत अचानक गेलं होतं का, हे आधीच विचारून ठेवा. बऱ्याच घरांत ते 'झोपेत गेले' किंवा 'शेतात चक्कर येऊन पडले' एवढंच सांगितलं जातं, म्हणून वय आणि त्या दिवशी नेमकं काय झालं होतं ते खोदून विचारा.

दोघांचेही आकडे आले की एलडीएल, एचडीएल, ट्रायग्लिसराइड, एचबीए१सी, टीएसएच, बीपीची सरासरी आणि कमर, एवढं इथेच लिहा. कानाचा फोटो पाठवायची गरज नाही.